पडदा वाट पाहत नाही

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आणि जर्मन भाषेचा विषय थेट परिचारिका, वाहनचालक आणि वीजतंत्री यांच्या घरापर्यंत पोहोचला. एरवी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या किंवा मॅक्सम्युलर भवनाच्या वर्गात शिकली जाणारी ही भाषा आता मोबाइलच्या पडद्यावर कुठेही शिकता येते. यात वावगे काहीच नाही. प्रश्न एवढाच की, पडद्याने किती शिकवायचे आणि शिक्षकाने किती?

पडद्याचे मोल मी कमी लेखत नाही. आमच्या तरुणपणी परकी भाषा म्हणजे व्याकरणाचे तक्ते आणि जाडजूड शब्दकोश. जर्मनमध्ये एक स्वर असा आहे की, ओठ 'ऊ'चे करायचे आणि जीभ मात्र 'ई'ची ठेवायची. हे वर्णन नुसते वाचून कोणाला जमणार? बोलणाऱ्याचा चेहरा जवळून दिसला की ते पटकन उमगते. शिवाय गोष्टीचा ओढा असतोच. येल विद्यापीठाचे पिएर काप्रेत्झ यांनी १९८७ मध्ये 'फ्रेंच इन अ‍ॅक्शन' ही ५२ भागांची मालिका आणली, तीही एका तरुण जोडीच्या गोष्टीवर बेतलेली. आज जर्मनीची 'डॉइचे वेले' ही प्रसारण संस्था 'निकोस वेग' ही मालिका इंटरनेटवर मोफत दाखवते. जर्मनीत आल्या आल्या सामान हरवून बसलेल्या स्पॅनिश तरुणाचे पुढे काय होते, या उत्सुकतेपोटी विद्यार्थी व्याकरणही सोसतो!

मग अडते कुठे? पडदा उत्तराची वाट पाहत नाही. जर्मन माणूस 'हाल्ब आख्ट' म्हणतो. शब्दशः अर्थ 'अर्धा आठ', म्हणजे आपले साडेसात. मराठी कान मात्र सहज साडेआठ समजतो. चित्रफितीतले पात्र तोवर पुढे निघून गेलेले असते आणि पाहणाऱ्याला सारे कळल्यासारखे वाटते. उद्या रुग्णालयात हाच तासाभराचा घोळ एखाद्याच्या औषधाच्या वेळेत झाला तर?

वर्गातला जाणता शिक्षक चित्र तिथेच थांबवतो आणि विचारतो, "किती वाजले?" चित्रफीत कुठे थांबवायची, हे कळण्यातच त्याचे कसब आहे. कधी तो आवाज बंद करून पात्रे काय बोलत असतील ते मुलांकडून वदवून घेतो. कधी अर्ध्या वर्गाला पडद्याकडे पाठ करून बसवतो आणि उरलेल्यांना दिसते ते जर्मनमध्ये सांगायला लावतो. तो मराठी असेल तर आणखी एक गोष्ट सांगेल. 'एकवीस'मध्ये आपण एक आधी आणि वीस नंतर म्हणतो, जर्मनही तसेच म्हणतात. लिंगे त्यांच्याकडेही तीनच. 'तू' आणि 'आपण' यांचे भान त्यांनाही ठेवावे लागते. साऱ्या जगासाठी बनवलेल्या चित्रफितीला ही आपल्या घरची शिदोरी कुठून ठाऊक असणार?

२०२० मध्ये टाळेबंदीत वर्ग घराघरांत आले, तेव्हा प्रवासाचा वेळ वाचला, दूरच्या मुलांनाही शिक्षक मिळाले. पण कॅमेरा बंद, माइक बंद आणि हजेरी मात्र पूर्ण, हेही आपण पाहिले. म्हणून पालकांना माझे सांगणे आहे की, ऑनलाइन वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी चित्रफिती किती, हे विचारू नका. एका वर्गात मुले किती आणि तासाभरात आपले मूल स्वतः किती मिनिटे बोलणार, हे विचारा.

मी आयुष्यभर बँकेत काढले. खात्यात शिल्लक कितीही असो, दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय ठरते. भाषेला तर एवढी सवलतही नाही. ऐकून जमवलेले शब्द बोलण्यात वापरले नाहीत, तर काही महिन्यांतच विसरतात.

ग्योटे संस्थेच्या बी-टू पातळीच्या परीक्षेत तोंडी भागही असतो. त्यात साधारणपणे दोन परीक्षार्थींना समोरासमोर बसून चर्चा करावी लागते. पुढे नोकरीत समोर वेदनेने कळवळणारा एखादा वृद्ध असेल. तो आपले वाक्य पुन्हा त्याच स्पष्ट उच्चारांत म्हणेलच असे नाही, आणि त्याला उत्तर तर लगेच हवे असेल. त्या उत्तराची तयारी व्हायची, तर मुलांना बोलते करणारा आणि ती अडखळली तरी थांबून ऐकणारा कोणीतरी आजच वर्गात हवा.