न्यायाची वाट कोण जवळ करणार?

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे ठरले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही त्या पाण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. आणि विरोधकांनी लावलेल्या दाव्याचा उच्च न्यायालयातील निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. हक्क कागदावर उतरणे आणि तो माणसाच्या ओंजळीत पडणे, यांत चौदा वर्षांचे अंतर होते. लढणाऱ्यांच्या बाजूला स्वतः बाबासाहेब होते, म्हणून ते कापले गेले.

आज हक्क कागदावर पुष्कळ आहेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार तोंडी फिर्याद लिहून घेणे, ती वाचून दाखवणे आणि तिची प्रत देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. साठ दिवसांत तपास पूर्ण करून दोषारोपपत्र दाखल व्हावे, अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळावे, असेही त्यात आहे. पण खेड्यातल्या भेदरलेल्या कुटुंबाला हे सांगणार कोण? ते साठ दिवस मोजणार कोण?

हे काम तंत्रज्ञान करू शकते. फिर्यादीच्या तारखेपासून दिवस मोजून मोबाईलवर मराठीत, तेही आवाजी, संदेश देणारी साधी प्रणाली अशक्य कोटीतली नाही. केंद्र सरकारच्या टेली-लॉ योजनेतून २०१७ पासून सामायिक सेवा केंद्रांत दूरस्थ कायदेशीर सल्ला मिळतो. निकालपत्रे भारतीय भाषांत आणण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून 'सुवास' प्रणाली वापरात आणली. अशा कामात नवउद्यमी तरुणही उतरत आहेत. मात्र भांडवल नफ्याच्या मागे जाते. मोठ्या कंपन्यांचे करारनामे तपासणाऱ्या उद्योगाला गुंतवणूकदार सहज भेटतो. अत्याचारग्रस्त शेतमजूर स्त्री मात्र कोणाच्याही हिशेबात फायद्याची ग्राहक नसते. म्हणूनच अशा स्टार्टअपना समाजाने हात दिला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

काही जण विचारतील, न्यायाचा बाजार मांडायचा काय? शंका रास्त आहे; म्हणून मदत अटींवरच द्यावी. पीडितांकडून शुल्क घेऊ नये. त्यांची माहिती कोणालाही विकली जाऊ नये. गावात नाव फुटले तर जिवावर बेतते. यंत्राने वकिलाची जागा न घेता वकिलापर्यंत पोहोचवावे. ज्यांच्या हाती स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी गावात एक प्रशिक्षित कार्यकर्ता असावा. या अटी पाळून केलेला उद्योग ही सम्यक आजीविकाच होय.

आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी आज अभियंते आहेत, वकील आहेत, अधिकारी आहेत. अनुसूचित जातींच्या तरुणांच्या नवोपक्रमांना तीन वर्षांत तीस लाख रुपयांचे भांडवल देण्यासाठी केंद्राने २०२० साली बाबासाहेबांच्या नावाने मिशन जाहीर केले. अशा योजनांची दारे ठोठावण्याचे मार्गदर्शन आपण धाकट्या भावंडांना का करू नये? जयंतीच्या वर्गणीतला काही भाग यासाठी राखून ठेवला, तर जयंतीचे तेज उणावणार नाही. माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी एका उपक्रमाला निधी द्यावा, एका वकिलाचा वेळ द्यावा आणि त्याची पारख आसपासच्या वस्त्यांत करावी.

घटनात्मक उपाययोजनेच्या अनुच्छेद ३२ ला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा मानले. दाद मागण्याचा मार्गच नसेल, तर हक्क पोकळ ठरतो, हे त्यांनी जाणले होते. तो मार्ग सुकर करण्याची जबाबदारी आता त्यांच्यामुळे शिकलेल्यांची आहे.

जय भीम!