शुद्ध नको, दुरुस्त पाहिजे

मी मॅट्रिक. मराठीत काठावर. माझी आय 'पानी' म्हणायची म्हणून मी वहीत 'पानी' लिहायचो, आणि मास्तर त्याच्याभोवती लाल गोल मारायचा. एकेका पानावर इतके गोल, की वाटायचं वहीला गोवर उठलाय. वर वर्गात मोठ्यानं म्हणायचा, तुम्हा लोकांच्या जिभेला वळणच नाही.

तोच मी आज गोदीतली पाळी संपवून खोलीवर आलो, की मोबाईलवर शुद्धलेखनाच्या चुका काढत बसतो. कुणाच्या? कॉम्प्युटरवाल्यांच्या. हसा. गोदीतले दोस्तही हसतात.

सॉफ्टवेअर दोन जातीचं असतं. एक कुलूपबंद, मालकाचं. दुसरं उघडं, ओपन सोर्स. कुणीही वाचावं, वापरावं, बदलावं. रिचर्ड स्टॉलमननं १९८३ साली त्याची हाक दिली, लिनस टॉरवाल्ड्सचं लिनक्स १९९१ साली आलं. या उघड्या सॉफ्टवेअरबरोबर ते कसं वापरायचं याची माहितीही उघडी असते. त्यात ज्याला चूक दिसेल त्यानं दुरुस्ती पाठवावी. सांभाळणारा ती बघतो, पटली तर घेतो. मॅट्रिकचं सर्टिफिकेट कुणी मागत नाही. आम्ही गोदीला डॉक म्हणतो, ही माणसं माहितीच्या पानांना डॉक्स म्हणतात. धंदा एकच. दुसऱ्याचा माल न फोडता पोचवायचा.

माझी पहिली दुरुस्ती एका अक्षराची. मराठी भाषांतरात छापलं होतं, 'पुढील पायर्या'. मी केलं 'पायऱ्या'. तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढंच. पण मी वैशाखऱ्याचा. माळशेजच्या पायथ्याचा. माझ्या गावाला दऱ्या आणि पोटाला दर्या. त्या दोन शब्दांत एका आकड्याचा फरक आहे आणि त्या फरकात माझं सगळं आयुष्य आहे. कल्याणहून एसटी धरतो, मुरबाड, टोकावडे करत दऱ्यांपाशी पोचतो. दोन दिवसांनी परत दर्यापाशी. कॉम्प्युटरला मात्र 'पायर्या' आणि 'पायऱ्या' हे दोन वेगळे शब्द. शोधणारा 'पायऱ्या' टाकतो आणि 'पायर्या' लिहिलेलं पान त्याला सापडतच नाही. आंधळ्या माणसाला मोबाईल पान वाचून दाखवतो, तो जसं लिहिलंय तसंच वाचतो.

आता आमच्यातलेच काही कडवे दोस्त म्हणतात, शुद्धलेखन ही भटांची भानगड. तू हमाल असून त्यांची पालखी का वाहतोस? मुद्दाम चुकीचं लिही, तोच विद्रोह.

दोस्तांनो, तुमचा राग मला पाठ आहे. 'शुद्ध' हा शब्दच सोवळ्यातला. पाणवठा शुद्ध, देऊळ शुद्ध, लेखनही शुद्ध. आणि प्रत्येक ठिकाणी बाहेर उभे कोण तर आपण. जोतीरावांची 'गुलामगिरी' १८७३ साली आली. पुढं 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीरावांच्या व्याकरणाची टवाळी केली. विचार पेलला नाही की ऱ्हस्व-दीर्घ काढायचं, ही खोड जुनी आहे. आणि यांचं शुद्ध तरी कायम कुठं होतं? मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली सरकारमान्य झाले, १९७२ साली त्यात ४ आणखी घातले. कुणी उच्चारत नव्हतं असे अनुस्वार तोवर शब्दांच्या डोक्यावर बसलेले होते. ते उडाले. कालचं शुद्ध एका ठरावानं अशुद्ध झालं, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

माझ्या गावाच्या डोक्यावर नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञ किती केले, दक्षिणा किती दिली, गायी किती, घोडे किती, याची यादी. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. संस्कृताच्या फूटपट्टीनं मोजाल तर अख्खी भिंत लाल गोलांनी भरेल. पण राणीचं प्राकृत इतिहास झालं आणि माझ्या आयचं 'पानी' अशुद्ध झालं.

राणीचं सोडा, कॉम्प्युटरच्या राजांचं बघा. युनिक्स ही यंत्रणा बेल लॅब्समध्ये १९६९ सालापासून घडली. तिच्यात नवी फाईल तयार करायच्या हुकमाचं नाव 'क्रिएट', पण इंग्रजी स्पेलिंगातला शेवटचा ई गळालेला. युनिक्सचा कर्ता केन थॉम्प्सन याला पुढं विचारलं, पुन्हा करायचं झालं तर काय बदलशील? तो म्हणाला, त्या शब्दाला ई लावीन. तसंच इंटरनेटचं. वाचक कोणत्या पानावरून आला हे सांगणाऱ्या ओळीचं नाव 'रेफरर'. मध्ये दोन आर पाहिजेत, तिथं एकच पडला. ती चूक १९९६ च्या आरएफसी १९४५ या कागदात तशीच छापली गेली आणि नियम झाली. आता कुणी ती बरोबर लिहिली तर यंत्र ओळखत नाही!

समजलं का? मोठ्याची चूक प्रमाण होते, जग तिच्या मापानं वाकतं. आमची चूक म्हणजे जिभेला वळण नाही.

मग तरी मी चुका का काढतो?

वैशाखऱ्याच्या आमच्या वस्तीतला एक पोरगा. कुणीतरी टाकलेला जुना कॉम्प्युटर त्यानं आणला. त्यावर उघडं सॉफ्टवेअर चढवायला बसला, कारण फुकट. पानावर लिहिलेली कमांड अक्षरन् अक्षर बघून टाकली. यंत्र म्हणालं, असली कमांड नाही. पुन्हा टाकली. पुन्हा नाही. रात्रभर तेच. सकाळी कॉम्प्युटर पोत्यात बांधून ठेवला आणि मला म्हणाला, दादा, आपलं डोकं नाही यातलं.

मी रविवारी गेलो तेव्हा पान बघितलं. कमांडमध्ये दोन अक्षरं उलटी छापलेली. चूक पानाची होती. पण पान चुकलं असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. छापलेलं चुकत नाही, चुकतो तो आपणच, हे शाळेनं त्याच्या हाडात भरलंय. दोस्तांनो, त्याच्यावर लाल गोल मारायला आता मास्तर लागत नाही. तो स्वतःच मारून घेतो. यालाच मी गुलामी म्हणतो.

म्हणून माझं कडव्या दोस्तांना सांगणं आहे. कवितेत 'पानी' लिहा, मी छातीला लावीन. ती आपल्या आयची जीभ आहे, ती चूक नव्हेच. पण माहितीच्या पानावरच्या चुकीचा दंड कोण भरतो ते बघा. इंग्रजी शाळेतला, क्लास लावलेला पोरगा अंदाजानं पुढं सरकतो, नाहीतर भावाला फोन करतो. ज्याला विचारायला कुणी नाही तो तिथंच अडकतो. चुकीचा सगळ्यात जड बोजा शेवटच्या वाचकाच्या डोक्यावर पडतो, आणि तो शेवटचा वाचक आपल्याच वस्तीत राहतो.

आणि सांभाळून करा. हे काम फुशारकीचं नाही. हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम २०१४ पासून चालतो. ऑक्टोबरात ठराविक दुरुस्त्या पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० साली आपल्या देशातल्या पुष्कळ पोरांनी टी-शर्टासाठी कुठंही एखादा शब्द घुसडून दुरुस्तीच्या नावानं कचरा पाठवला. फुकट राबणारी सांभाळणारी माणसं वैतागली. मध्येच नियम बदलावा लागला, की जो प्रकल्प हो म्हणेल त्याच्यातलंच काम मोजायचं. टी-शर्टासाठी दुसऱ्याच्या डोक्यावर बोजा टाकणारा आणि लाल गोल मारणारा मास्तर, मला दोघांत फरक दिसत नाही.

तेव्हा आधी बघा, चूक आहे का नुसती वेगळी रीत आहे. विलायती आणि अमेरिकन स्पेलिंग वेगळं, ती चूक नव्हे. कमांडचं नाव असेल तर सुधारायच्या आधी विचारा. 'रेफरर'चा जादा आर तुम्ही घातलात तर चालतं काम बंद पडेल. मूळ इंग्रजी वाक्य सुधारताना भाषांतर करणाऱ्यांना कळवा. गेटटेक्स्ट या पद्धतीत मूळ वाक्याचं एक अक्षर बदललं तरी त्याचं मराठी संशयित ठरतं, आणि कुणी तपासून मान्य करेपर्यंत वाचकापुढं इंग्रजीच येतं. एक दुरुस्ती, एक कारण, दोन ओळींत. आणि ज्यानं चूक केली त्याच्या जिभेबद्दल एक अक्षर नाही.

गोदीत कंटेनरवर नंबर असतो. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक आकडा. आधीच्या दहांचा हिशोब करून, अकरानं भागून तो शेवटचा आकडा येतो. नंबर उतरवताना एक अक्षर चुकलं की बहुतेक वेळा हिशोब जुळत नाही आणि चूक तिथंच पकडली जाते. तो आकडा चूक दाखवतो, पण चुकणाऱ्याचं आडनाव विचारत नाही. लाल गोल मारत नाही. नंबर नीट कर, माल पुढं जाऊ दे, एवढंच म्हणतो. आपण असेच आकडे लिहितो, त्यांचे पूर्वज आमच्या नाणेघाटातल्या त्याच भिंतीवर कोरलेले आहेत. त्या घाटानं ओझी कुणी वाहिली, हे भिंतीवर लिहिलेलं नाही.

आता पान उघडं आहे. लिहिणारा हात आपला असू शकतो. शुद्ध करणारे शुद्ध करत बसोत. आपण दुरुस्त करू. त्या पोरानं परवा पोतं सोडलं. पहिली दुरुस्ती त्यानंच पाठवली, त्याच दोन अक्षरांची.