मनूला भांडवल कळत होतं



पगारवाढ मागून मागून आपल्या जिभेला घट्टे पडलेत. मागायचीच. पोट आहे. पण पगार वाढला की विषमता मोडली, असं जो कुणी मोर्चात सांगतो तो आपल्याला अर्धंच सांगतो.

मी सूतगिरणीत रिंगवर उभा राहतो. पाळी भरली तर पैसा. ताप आला की खाडा. हात गेला की खेळ खलास. मजुरी अंगातून निघते नि अंगाबरोबरच सरणावर जाते. भांडवलाचं तसं नाय. ते झोपेतही कमावतं. धरा, एखाद्याकडं बापाचे एक लाख आहेत नि वर्षाला ८ टक्के सुटतात. ९ वर्षांत दोन लाख. ३६ वर्षांत सोळा लाख. ३६ वर्षं म्हणजे कामगाराचं सगळं आयुष्य, भरती ते रिटायर. तेवढ्यात त्यानं काय केलं? फक्त त्या पैशाला हात लावला नाही. त्याला ते परवडतं. आपला पगार दहा तारखेलाच वाण्याकडं जमा.

२०२४ साली पॅरिसच्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबनं भारताचा हिशेब मांडला. २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याकडं देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा, आणि संपत्तीतला ४०.१ टक्के. दोन आकडे शेजारी ठेवून बघा. कमाईपेक्षा मालकी जास्त तुंबलीय. आणि आजची मालकी म्हणजे उद्याची कमाई.

मग ते पहिलं एक लाख कुणाच्या घरात साठलं, कुणाच्या घरात साठूच दिलं नाही? इथं डावे दोस्त गप्प होतात. मनुस्मृतीनं शूद्राला ऐपत असली तरी धन साठवायला मनाई केली. राबायला मनाई नाही, बघा. राबा, उष्टं खा, पण साठवू नका. म्हणजे मनूला भांडवल कळत होतं! २५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी ते पुस्तक जाळलं. त्या आगीत हा आर्थिक कायदाही जायला हवा होता.

गेला नाही. गिरणीत तो धोट्यात घुसून बसला. मुंबईत जादा पगार साचेखात्यात, म्हणजे विणकामात. तिथं कांडीचा धागा तोंडानं ओढून धोट्यातून काढायचा, म्हणून अस्पृश्याला साचेखातं बंद. ही बंदी सवर्ण कामगारांची. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांना त्यांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिल्याशीच लढतो, डावे दुसऱ्याशीच. दोघेही शत्रू मजेत आहेत.

माझा आजा मुंबईत रिंगखात्यात होता. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, त्यात तोही. मजुरी मेली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पण गिरणीखालची जमीन पडल्या पडल्या महाग होत गेली. १९९१ च्या नियमात तिचे साधारण तीन वाटे होते: शहराला मोकळी जागा, घरांसाठी म्हाडा, उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची, शेडखालची सगळी मालकाची. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो बदल कायम केला. साचे थंड, कामगार रस्त्यावर, तरी भांडवलाची पाळी चालूच.

आणि सरकार? मेलेल्याच्या इस्टेटीवर १९५३ पासून कर होता, १९८५ मध्ये काढला. १९५७ चा संपत्ती कर २०१५ मध्ये काढला. शेअरबाजारात वर्षभर ठेवलेला शेअर विकला तर २००४ ते २०१८ नफ्यावर कर शून्य. २०२४ पासून साडेबारा टक्के. मोठ्या पगारावर मात्र तीस.

कुणी म्हणेल, आपल्यातही करोडपती होतायत. होऊ द्या. एकाला गिरणीची किल्ली मिळाली म्हणून हजेरीबुकातली नावं बदलत नाहीत. आरक्षण सोडायचं नाही, लढून मिळवलंय. पण ते नोकरीत आहे, म्हणजे पगारात. मालकीत कुठाय?

१९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन सरकारी मालकीची करा म्हणून मागितलं. तेही घटनेत लिहून, म्हणजे उद्याच्या बहुमताला पुसता येऊ नये. घटनेत ते आलं नाही. जयंतीच्या बॅनरवर तर कधीच येत नाही.

तेव्हा पुढच्या मोर्चात पगाराच्या मागणीखाली तीन ओळी लिहा. वारशाच्या संपत्तीवर कर. बंद कारखान्याच्या जमिनीत कामगाराचा हिस्सा. गायरान कसणाऱ्या भूमिहीनाचा त्या जमिनीवर हक्क. यासाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये माणसं तुरुंगात नेली होती. आपण निदान रस्त्यावर तरी येऊ.

पगार किती, हा सवाल मालकालाही चालतो. त्याला न चालणारा सवाल विचारा: गिरणी कुणाची?

जयभीम.