पाणी कुणाच्या नावावर?



पाटाला पाणी सुटले की दारे धरायला बाई असते. खुरपणी, मिरचीची तोडणी, भुईमुगाच्या शेंगा तोडणे हेही तिच्याकडेच. पण पाणीवाटपाच्या सभेची नोटीस निघते ती सातबाऱ्यावरच्या नावाने, आणि ते नाव बहुधा तिचे नसते. म्हणून सामूहिक सिंचनाचा विचार करताना आपल्याला 'पाणी किती' एवढेच विचारून चालणार नाही. 'पाणी कुणाचे' हेही विचारावे लागेल.

जमीन आणि पाणी यांची गाठ सोडता येते, हे महाराष्ट्राने पूर्वीच दाखवून दिले आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचे काम सुरू केले. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या हिशेबाने नव्हे, माणसांच्या हिशेबाने. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनांनाही हिस्सा. ऊस लावायचा नाही, कारण एकाचा ऊस अनेकांची ज्वारी, गहू आणि भाजीपाला पिऊन टाकतो. खर्चाचा 20 टक्के वाटा लाभधारकांनी आधी उचलायचा.

पुढे सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण उभारले. नदीतली वाळू उपसणाऱ्या ठेकेदारांशी झगडून त्यांनी त्या वाळूवर आपला हक्क सांगितला. पाण्यात भूमिहीनांचाही वाटा, हेच तत्त्व तिथेही होते.

भूमिहीनाच्या हाती पाण्याचा हिस्सा आला की काय होते? कोरडी जमीन बाळगणाऱ्याला त्याच्याशी बोलणी करावी लागतात. तुझी जमीन, माझे पाणी, पीक वाटून घेऊ. मजुराचा वाटेकरी होतो. हीच गोष्ट परित्यक्ता, विधवा, एकट्या बाईची होऊ शकते. तिच्या नावावर गुंठाभर जमीन नसेल, पण अर्ध्या एकराचे पाणी असेल, तर चार जणी मिळून जमीन खंडाने घेऊन कसू शकतात.

मात्र इथेच एक गोम आहे. माणशी हिशेब करताना बाईचे डोके मोजले जाते, पण हिस्सा मिळतो कुटुंबाला. उद्या नवऱ्याने टाकले, तर ती घराबाहेर पडते आणि तिच्या डोक्यावर मोजलेले पाणी त्याच घरात राहते. सांगली-साताऱ्यातल्या परित्यक्तांच्या चळवळीने स्वतंत्र रेशनकार्ड मागितले, ते याच अनुभवातून. पाण्याच्या हक्काचेही तसेच स्वतंत्र कार्ड हवे.

कायद्याने ही गोम सोडवलेली नाही. 2005 च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने पाणी वापर संस्थांना अधिकार दिले, संचालक मंडळावर स्त्रियांना स्थान दिले. पण सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमीनधारकाला. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये दिला, तरी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या होतच असतात. मग संचालक होणार कोण? ज्यांचे नाव सातबाऱ्यावर आहे अशा मोजक्या जणी, आणि त्यांच्यातल्याही काहींच्या वतीने बोलणारे त्यांचे नवरे.

"घरात पाणी आले म्हणजे बाईला आलेच की," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. बागायत वाढली की बाईचे काम वाढते, हे नक्की. पैसा तिच्या हाती येतो का? उसाचे बिल नवऱ्याच्या खात्यावर जमा होते. शेवगा, वांगी, डाळ, चारा यांतले थोडे तरी चुलीपर्यंत आणि तिच्या बाजाराच्या पिशवीत पोचते. म्हणून कोणते पीक घ्यायचे, हा निर्णय घेणाऱ्या सभेत ती असणे हा मानापमानाचा प्रश्न नाही, पोटाचा आहे.

आपल्या गटांनी यासाठी काही कामे हाती घ्यावीत. गावात पाणी वापर संस्था असेल, तर सभासदांची यादी मागून तीत बायका किती ते मोजावे. सातबाऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावे लावून घ्यावीत. गावाने स्वतः उभारलेल्या योजनांत तर कायद्याची वाट पाहण्याचे कारणच नाही. तिथे प्रत्येक प्रौढ बाईचा हिस्सा तिच्या नावाने नोंदवा आणि सभा तिला येता येईल अशा वेळी घ्या, असा ठराव करून घ्यावा.

नदी अडवायला, चर खणायला, माती वाहायला बाई चालते. मग पाळीपत्रकावरही तिचे नाव चालले पाहिजे.