हात शेतीचा, पिक गिटारची



या पानावर 'पीक' म्हटले की ज्वारी, कपाशी, कांदा डोळ्यांपुढे येतो. आज मात्र ऱ्हस्व 'पि'ची पिक घेतली आहे. गिटारच्या तारा छेडण्यासाठी चिमटीत धरतात ती लहानशी तिकोनी चकती म्हणजे पिक. सतारीची नखी तारेची असते, ती तर्जनीत घालतात. सरोदचा जवा नारळाच्या करवंटीचा करतात व तो चिमटीत धरतात. गिटारची पिक ही या जव्याचीच चुलत बहीण समजावी.

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. मुलगा अकरावीत आहे. सकाळी धारा काढतो, सुट्टीत शेतात राबतो आणि रात्री गिटार घेऊन बसतो. वर्ष झाले. सावकाश वाजवतो तोवर ठीक, पण लय वाढवली की तार खरखरते, सूर सुटतात आणि पिक हातातून निसटते. घरातली वडील मंडळी म्हणतात, "कुदळीच्या हाताला हे जमायचे नाही." आता मुलानेच गिटार विकायला काढली आहे.

ताई, गिटार एवढ्यात विकू देऊ नका. दोष हाताचा नाही, पकडीचा दिसतो. कुदळ, खुरपे, विळा ही अवजारे घट्ट धरल्याशिवाय काम होत नाही. तीच सवय पिकवर आली म्हणजे घोटाळा होतो. पिक आवळून धरली की मनगट ताठ होते. मनगट ताठ झाले की सारा हात कोपरापासून हलू लागतो. एवढा मोठा हात मागेपुढे न्यायला वेळ लागतो, म्हणून लय वाढत नाही. शिवाय आवळलेली पिक तारेवरून सरकत नाही, तारेत अडकते.

नवशिक्या माणूस धार काढताना सड दाबूनच धरतो आणि बादली अर्धी होण्याआधी त्याचा हात भरून येतो. सराईत माणूस दाबतो आणि सोडतो. चिरंजीवांना हे सांगावे लागणार नाही. तेच त्यांनी पिकला लावावे.

पकड अशी बसवावी :

१. उजव्या हाताची तर्जनी सैलसर आत वळवावी. पिक तिच्या शेवटच्या पेऱ्याच्या कडेवर ठेवावी आणि वरून अंगठा सपाट टेकवावा. अंगठ्याच्या टोकाने दाबू नये. (डावखुऱ्याने उलट समजावे.)

२. पिकचे टोक ३ ते ५ मिलिमीटरच बाहेर ठेवावे. जास्त बाहेर राहिले तर ती डुलते आणि निसटते.

३. तारेखाली टोक १-२ मिलिमीटरच जाऊ द्यावे. कोळपे खोल गेले तर मुळे तुटतात. पिक खोल गेली तर तार ओढली जाते आणि हात अडतो.

४. पिक तारेला अगदी समांतर न ठेवता किंचित तिरपी करावी, म्हणजे कड तारेवरून घसरून जाते. फार तिरपी केली तर जाड, गुंडाळीच्या तारांवर खरखर येते. कान देऊन मधला कोन शोधावा.

५. हालचाल मनगटातून असावी. एक फटका खाली, लगेच दुसरा वर, हा क्रम मोडू नये. सगळे फटके खालीच मारले तर दर वेळी हात रिकामा वर न्यावा लागतो. नांगर परतताना दुसरे तास घालत आला, तर रिकामा फेरा वाचतो, तसेच हे आहे.

पकड बरोबर आहे का, याची सोपी परीक्षा : वाजवता वाजवता दुसऱ्याने पिक हळूच ओढावी. ती किंचित विरोध करून निघाली पाहिजे. निघतच नसेल तर पकड घट्ट. आपोआप पडत असेल तर ढिली.

पिक कोणती घ्यावी? अर्ध्या मिलिमीटरची पातळ पिक सगळ्या तारा एकदम छेडण्यास बरी. एकेक सूर जलद वाजवायचा तर १ मिलिमीटरच्या आसपासची जाड घ्यावी. ती वाकत नाही, म्हणून फटका उशिरा लागत नाही. सेल्युलॉइड, नायलॉन असे प्रकार मिळतात. सेल्युलॉइड हे कापसातील किंवा लाकडातील सेल्युलोज आणि कापूर यांपासून होते, म्हणजे त्याचे मूळ पुन्हा शेतातच. घामाने पिक सरकत असेल तर धरण्याची जागा सँडपेपरने थोडी खरबरीत करावी, टोक मात्र गुळगुळीत ठेवावे.

सराव एकाच तारेवर सुरू करावा. मोबाइलवर मेट्रोनोम मिळतो, तो मिनिटाला ६० ठोक्यांवर लावावा आणि एका ठोक्याला दोन सूर वाजवावेत. डाव्या हाताचे बोट आणि पिक एकाच क्षणी पडली पाहिजेत. निम्मी खरखर या चुकामुकीची असते. सलग पाच वेळा स्वच्छ आले तरच ४-५ ठोके वाढवावेत. बिघडले तर मागे यावे. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे पुरेत. रविवारी एकदम तीन तास बसून काही साधत नाही. रोजचे थोडे पाणी पिकाला मानवते, तसेच हे.

शेवटी एक महत्त्वाचे. दिवसभर ऊस तोडून किंवा खुरपून आल्यावर लगेच जलद सराव करू नये. हात कोमट पाण्याने धुऊन, घटकाभर विश्रांती देऊन बसावे. मनगट किंवा अंगठ्याचे मूळ दुखू लागले तर त्या दिवशी थांबावे. मुंग्या येणे, बधिरपणा असे काही दिवस राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. हाच हात शेतीलाही लागतो आणि वाद्यालाही. तो जपला तर दोन्हीकडे उपयोगी पडेल.