उमासा आला म्हणून घास पातळ करू नका



उष्टावण झाली, चांदीच्या वाटीतला घास भरवला, फोटो काढून झाले. पुढच्या आठवड्यात बाळाने मऊ भाताचा घास जिभेने बाहेर ढकलला, उमासा काढला, डोळ्यांत पाणी आणलं. लगेच घरात निकाल लागला: "याच्या घशातून उतरत नाही. वरणाचं पाणी द्या." आंधळगाव असो, भंडारा असो की नागपूर, निकाल तोच. आधी मिक्सर निघतो, मग चाळणी, शेवटी बोंडलं. दहावा महिना उजाडतो तरी लेकरू पाण्यावरच. या निकालाशी माझं भांडण आहे.

"आम्ही चार-चार वाढवली, तुम्ही आम्हाला शिकवता?" असं कुणी सासूबाई म्हणतील. शिकवत नाही, आठवण देते. तुमच्या काळी मिक्सर कुठे होता? ताटाशेजारी बसलेलं लेकरू बोटाने कुस्करलेला भात, दुधात भिजवलेली पोळी खात होतं. पाण्यासारखं सगळं वाटून देणं ही आजीची रीत नव्हेच, ती नंतर आलेली सोय आहे. तिला परंपरेचं नाव देऊ नका.

उमासा म्हणजे काय ते आधी पाहू. मोठ्या माणसाला जिभेच्या अगदी मागे काही लागलं तर उमासा येतो. बाळाची ही जागा जिभेवर बरीच पुढे असते. घास चावण्याची, मागे नेण्याची कला अजून आलेली नसते, म्हणून शरीर घास घशापर्यंत जाण्याआधीच पुढे फेकतं. तो राखणदार आहे. घास हाताळण्याचा सराव होत जातो तशी ही जागा मागे सरकते. सरावच दिला नाही तर बाळ शिकणार कधी?

भीती वाटते ती घास अडकण्याची, आणि ती खरी आहे. पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. उमासा आला की आवाज होतो, चेहरा लाल होतो, जीभ बाहेर येते, बाळ खोकतं. अडकलं की आवाज बंद होतो. रडू फुटत नाही, ओठ निळे पडू लागतात. आवाज येत असेल तर आईने हात आवरावा. बाळ ताठ बसलेलं असू द्या, तोंडात बोट घालू नका, कारण बोटाने घास आणखी आत जातो. घाबरून ओरडू नका. चार-पाच श्वास थांबा, घास बाहेर येईल किंवा गिळला जाईल. मग पुढचा घास थोडा लहान करा. लहान करा म्हटलंय, पातळ नव्हे.

आता त्या वरणाच्या पाण्याकडे येते. डाळ खाली राहते, वाटीत पिवळं पाणी येतं. बाळाचं पोट केवढं? किलोमागे साधारण ३० मिली. सात किलोच्या बाळाचं पोट दोनशे मिलीत भरलं, आणि भरलं कशाने, तर पाण्याने. मग दूधही नको, अन्नही नको. सहा महिन्यांनंतर जन्मापासूनचा लोहाचा साठा संपत आलेला असतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. आपण अंडं देत नाही, देणारही नाही. मग जी डाळ आहे ती तरी घट्ट, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट नको का? मूगडाळीची मऊ खिचडी, वरून तूप, लिंबाचे चार थेंब. लाल भोपळा, दुधी, पिकलेलं केळं, कुस्करून. नेटवरच्या तक्त्यात गाजर-बटाटा असतो म्हणून आपलं काही अडत नाही. लोहाचं सिरप मात्र आशाताईला विचारा. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचं असतं.

(मध चाटवण्याचा आग्रह आपल्याकडे नसतो, तो आपल्याला वर्ज्यच. बरं झालं. वर्षाच्या आत मध कुणाच्याच बाळाला देऊ नये.)

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या आसपास १९९१-९२ साली जन्मलेल्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांना नऊ महिन्यांनंतरच गुठळ्यांचं अन्न मिळालं, ती सातव्या वर्षीही खाण्याच्या तक्रारी जास्त करत होती, भाज्या-फळं कमी खात होती. आपल्याकडे शाळेच्या डब्यावरून रडणाऱ्या किती आया आहेत ते मोजा.

आणखी एक, जरा तिखट लागेल. मांडीवर आडवं घ्यायचं, हात धरायचे, नाक दाबायचं आणि बोंडल्याने ओतायचं. आपण पाणी गाळून पितो, कशासाठी? आणि घरातला सगळ्यात लहान जीव हातपाय झाडत असताना त्याच्या घशात ओततो, त्याला काय म्हणायचं? आडवं घेऊन ओतल्याने श्वासनलिकेत जाण्याचा धोका वेगळाच. तोंड फिरवलं म्हणजे पुरे.

खरं भ्यायचंच असेल तर याला भ्या: प्रभावनेत मिळालेली खडीसाखर, लाडाने तोंडात घातलेला अख्खा बदाम, फुटाणे, शेंगदाणे, अख्खं द्राक्ष. भाताच्या घासाला घाबरणारं घर हे सर्रास देतं.

त्यातलं काही अडकलं आणि आवाज बंद झाला तर बाळाला पालथं, डोकं खाली करून हातावर घ्या. दोन खांद्यांच्या मधे तळव्याने ५ थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. वस्तू निघेपर्यंत आलटून-पालटून. दुसऱ्या कुणी तेवढ्यात १०८ लावावा. पोट दाबू नका.

आणि दूध पितानाही रोज ठसका लागत असेल, वजन वाढत नसेल, किंवा नऊ-दहा महिन्यांनंतरही प्रत्येक घासाला उलटी होत असेल, तर मात्र घरात निकाल लावत बसू नका. बाळाला डॉक्टरकडे न्या, आणि आतापर्यंत काय-काय, किती दाट दिलं ते खरं सांगा.