भाता नसलेली पेटी

मैत्रिणींनो, मिक्सर, इस्त्री, शिलाईचं मशीन यांच्याबद्दल तुमची पत्रं नेहमीच येतात. या खेपेला मात्र मिरजेच्या एका वाचक भगिनीने मला चांगलंच कामाला लावलं. बाईंनी तीस वर्षं पेटी शिकवली. नात तबला शिकते, गांधर्वच्या मध्यमा परीक्षेची तयारी चालू आहे. रोज संध्याकाळी नातीच्या रियाजाला आजी पेटीवर लेहरा धरायची. आता डावं मनगट साथ देत नाही; दहा मिनिटं भाता ओढला की हात खांद्यापर्यंत ठणकतो. मोबाइलवर तयार लेहरे मिळतात, पण नात म्हणते, "आजी, तूच वाजव." मुलगा परदेशी जाताना कॉर्गचा 'मिनिलॉग' नावाचा सिंथेसायझर घरी ठेवून गेलाय. "पट्ट्या तर पेटीसारख्याच दिसतात," बाई लिहितात, "म्हणून लावून पाहिला. दिवे लागले, आवाज काही नाही. आणि वर चाळीस-एक बटणं. माझ्या वयाला हे जमेल का?"

जमेल हो! वयाचा प्रश्नच नाही. पेटी येणाऱ्या बाईचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. भाच्याच्या खोलीत असलंच एक यंत्र आहे, त्याच्यावर मी महिनाभर खटपट केली आहे. त्या जोरावर लिहिते.

पहिली गोष्ट, तुमचं यंत्र बिघडलेलं नाही. त्याला स्वतःचं तोंडच नाही! पेटीत सूर आणि आवाज एकाच खोक्यात असतात. इथे आत फक्त विजेची थरथर तयार होते; ती ऐकायला हेडफोन किंवा स्पीकर बाहेरून जोडावा लागतो. यंत्र पाठमोरं करा आणि भोकं नीट पाहा. 'हेडफोन्स' लिहिलेल्या मोठ्या भोकात हेडफोन. मोबाइलच्या हेडफोनची पिन बारीक असते, तिला मोठी करणारा जोड दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. शेजारच्या 'आउटपुट'मधून दोन्ही टोकांना मोठी पिन असलेली वायर अँप्लिफायरला न्यायची. तुमच्या भजनी मंडळाचा अँप्लिफायर असेलच. त्यावर माइकची भोकं असतात आणि 'ऑक्स' किंवा 'लाइन' लिहिलेलं एक असतं. वायर त्या दुसऱ्यात लावा. माइकच्या भोकात लावलीत तर आवाज फाटका येईल.

क्रम असा ठेवा : अँप्लिफायरचा आवाज पूर्ण खाली, मग वायर, मग सिंथेसायझर चालू, सगळ्यात शेवटी अँप्लिफायर. बंद करताना बरोब्बर उलट. नाहीतर 'धाड्' करून असा ठोका बसतो की स्पीकरचंही आयुष्य जातं आणि आपलंही. आणि एक, बिनवायरचा ब्लूटूथ स्पीकर या कामाला घेऊ नका. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो. गाणी ऐकताना ते कळत नाही, पण तुम्ही पट्टी दाबाल तेव्हा सूर मागून येईल आणि नातीची सम तुमच्या समेला कधी भेटणारच नाही.

विजेच्या अडॅप्टरबद्दल जरा कडक बोलते. याला ९ व्होल्टचा, मधली पिन धन असलेला अडॅप्टर लागतो. यंत्राबरोबर आलेला असेल तोच वापरा. गिटारच्या पेडलांचे पुष्कळसे अडॅप्टर ९ व्होल्टचेच असतात, पण धन-ऋण उलटं. पिन बसली म्हणजे चालेल असं समजू नये. वेगवेगळ्या कुकरांच्या शिट्ट्या आपण एकमेकींवर बसवत नाही ना, तसंच.

मागची बाकीची भोकं तुम्हाला सध्या लागणार नाहीत, पण ओळख असू द्या. पाच बारीक टोचांची दोन गोल भोकं म्हणजे 'मिडी'. हे १९८३ साली ठरलेलं मानक, आणि गंमत म्हणजे आजही तेच चालतं. त्यातून आवाज जातच नाही. जातात ते फक्त निरोप : कोणती पट्टी, किती जोरात, कधी दाबली, कधी सोडली. एका यंत्राच्या 'आउट'मधून निघून दुसऱ्याच्या 'इन'मध्ये. 'सिंक' लिहिलेली दोन बारीक भोकं दोन यंत्रांची लय जुळवायला असतात. त्यातून नुसते विजेचे ठोके जातात. आकार मोबाइलच्या हेडफोनचाच, म्हणून तिथे हेडफोन खुपसायचा मोह होतो. करू नका, कानाला त्रास होईल.

आता समोरची बाजू. एवढी बटणं पाहून छाती दडपते खरी. पण डावीकडून उजवीकडे वाचत गेलात तर ती एकच गोष्ट सांगतात : सूर कुठे जन्मला, कुठे गाळला गेला, कसा उठला नि कसा विरला.

आरंभी दोन 'व्हीसीओ'. हे सुराचे जन्मदाते, पेटीतल्या सुरांच्या दोन ओळीच म्हणा. दोघांना सप्तक वेगळं देता येतं. दुसऱ्याचा 'पिच' अगदी केसभर हलवला की दोन ओळींच्या पेटीत येतो तसला भरीव, किंचित लहरता नाद येतो. जास्त हलवलात तर मात्र बेसूर. पुढे 'फिल्टर'चा 'कटऑफ'. या एका नॉबशी अर्धा दिवस खेळा, माझं ऐका. पूर्ण उघडलेला असताना आवाज धारदार; हळूहळू बंद करत न्या, जणू पेटीवर कोणी जाड चादर टाकतंय. अगदी बंद केला तर काहीच ऐकू येत नाही आणि आपण यंत्राला दोष देतो. 'रेझोनन्स' वाढवला की शिटीसारखी झाक येते. लेहऱ्याला ती नको.

त्यानंतरचे चार नॉब नीट समजून घ्या, कारण खरा जीव इथे आहे. 'अटॅक' म्हणजे सूर किती वेळात उठतो, 'डिके' म्हणजे उठल्यावर किती वेळात खाली येतो, 'सस्टेन' म्हणजे पट्टी दाबलेली असेतो कुठल्या पातळीवर टिकतो, 'रिलीज' म्हणजे बोट उचलल्यावर किती रेंगाळतो. तानपुऱ्याची तार आठवा : छेडताक्षणी सूर वर येतो आणि सावकाश ओसरतो, तिथे टिकणं नाहीच. म्हणजे अटॅक शून्य, डिके लांब, सस्टेन शून्य. पेटीचं उलट : सस्टेन पूर्ण, आणि बोट उचललं की सूर जवळजवळ लगेच बंद. देवळातली घंटा ही तर सगळी रिलीजचीच करामत. मी पहिल्या दिवशी रिलीज लांब ठेवून वाजवत बसले आणि सगळे सूर एकमेकांत कालवले गेले, खिचडी नुसती! लेहऱ्याला अटॅक अगदी थोडा, सस्टेन भरपूर, रिलीज थोडा. 'डिले' आवाजाचा प्रतिध्वनी काढतो. तो बंदच ठेवा, तबल्याच्या बोलांत गोंधळ होतो. 'एलएफओ' सुराला कंप देतो. तोही शून्यावर.

इथे एक फसवणूक सांगते. यंत्रात २०० आवाजांचे कप्पे आहेत. पहिल्या १०० मध्ये तयार आवाज भरलेले आहेत, पुढचे आपल्यासाठी. एखादा तयार आवाज काढलात की नॉबच्या खुणा मात्र जुन्याच जागी असतात. खूण सांगते एक, आवाज असतो दुसराच. नॉबला हात लावल्यावर मग तो जागेवर येतो. तेव्हा डोळ्यांवर नको, कानांवर भरवसा ठेवा.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं तो सीक्वेन्सर. कल्पना करा, सोळा घरांचं अप्पेपात्र आहे. प्रत्येक घरात तुम्ही एक सूर घालायचा, एखादं घर रिकामं सोडायचं. यंत्र पहिल्या घरापासून सोळाव्यापर्यंत जातं आणि पुन्हा पहिल्यावर येतं, थकत नाही. सोळा घरं म्हणताच तुमच्या डोक्यात आलंच असेल : त्रिताल! हे यंत्र करणाऱ्यांच्या मनात त्रिताल नव्हता बरं का, त्यांच्या संगीतात एका मापाचे सोळा भाग पडतात म्हणून. पण आपलं काम झालं.

मी माझ्यापुरता साधा लेहरा बसवला तो असा : सा ऽ रे ग । म ऽ प म । ग ऽ म ग । रे ग रे नी, शेवटचा नी मंद्र सप्तकातला, म्हणजे पुन्हा सा वर येताना सम आपोआप कळते. वाजवणं थांबलेलं असताना 'रेक' दाबा. एक पट्टी दाबून सोडली की एक घर भरलं आणि यंत्र पुढच्या घरावर गेलं. जिथे अवग्रह आहे तिथे काय करायचं? नुसतं 'रेस्ट' दाबलंत तर ती मात्रा मुकी जाईल. तुम्हाला पेटीसारखा सूर लांबवायचाय, तर सा ची पट्टी धरून ठेवूनच 'रेस्ट' दाबा, मग सोडा. घाई नाही. एक घर भरायला पाच मिनिटं लागली तरी यंत्र थांबून राहतं. दुखऱ्या हाताला हेच तर हवं. सोळा भरली की 'प्ले'.

आणि दचकू नका! तो लेहरा भूत मागे लागल्यासारखा धावेल. टेंपो १२० दाखवत असेल तर प्रत्येक ठोक्यात चार घरं जातात, म्हणजे मिनिटाला ४८० मात्रा. अख्खं आवर्तन दोन सेकंदांत. दोष तुमचा नाही, मोजण्याची पद्धत वेगळी. मिनिटाला ८० मात्रा हव्यात तर टेंपो २० वर आणा, आवर्तन बारा सेकंदांचं होईल. नाहीतर 'एडिट मोड'ने सीक्वेन्सच्या मांडणीत जाऊन घराचं माप एक-सोळांशाचं एक-चतुर्थांश करा; मग टेंपोचा आकडा म्हणजेच मात्रांचा आकडा. मला हे दुसरं सोयीचं वाटतं. तिथेच घरांची संख्या कमी करता येते : १० केलीत की झपताल, ७ केलीत की रूपक, १२ वर एकताल.

नातीचा तबला काळी एकमध्ये असेल आणि तुम्हाला पांढरी एकवरून वाजवायची सवय असेल, तर 'ट्रान्सपोज' एक घर वर. तुमच्या स्केलचेंजर पेटीसारखंच, पाट सरकवायचा नाही एवढंच. यंत्र चालू केल्यावर थोडा वेळ तापू द्या आणि मग तबल्याशी सूर ताडून पाहा. यातला गंधार तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. पेटीचाही लागतो, सप्तकाचे बारा सारखे भाग केले की ते व्हायचंच. असल्याच कारणांवरून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दार लावलं होतं, ते १९७१ पर्यंत उघडलं नव्हतं. तुम्ही तीस वर्षं पेटी शिकवलीत, तेव्हा हे बोलणं तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल.

लेहरा मनासारखा झाला की 'राइट' दाबा, १०० च्या पुढचा कप्पा निवडा, पुन्हा 'राइट' दाबा. हे कृपा करून विसरू नका. मी एका रविवारी दुपारभर बसून झपतालाचा सुरेख लेहरा बसवला, चहा टाकायला उठले, आल्यावर सहज दुसरा आवाज ऐकायला म्हणून कप्पा बदलला. गेला! आवाजही गेला आणि घरंही गेली. सायीचं भांडं मांजराने उपडं करावं तसं वाटलं. शिवाय पुष्कळ वेळ हात लावला नाही तर यंत्र आपोआप बंद होतं, तेव्हाही न लिहिलेलं जातं. म्हणून मी आता प्रत्येक लेहरा वहीतही उतरवून ठेवते.

या सोळा घरांच्या पेटीशी आपल्याकडची एक जुनी ओळखही आहे. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडची तीन यंत्रं जमवून, त्यांतलं एक असलंच सोळा घरांचं, दहा रागांची तबकडी काढली होती. तेव्हा तिला कोणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि लोक चकित झाले. त्यांच्या त्या यंत्रात सूर वेगळे भरायचे आणि त्यांचा काळ वेगळा भरायचा, भलतंच किचकट. त्या मानाने तुमचं सोपं आहे.

आता मूळ प्रश्न. नात म्हणते, आजी तूच वाजव. मग यंत्राने वाजवलं तर ते तुमचं कसं? मीही यावर विचार केला. लेहरा धरणारा माणूस तबलजीचं ऐकत असतो. पोर कायद्यात अडखळली की आपण नकळत लय सैल सोडतो. सीक्वेन्सर कोणाचंच ऐकत नाही. पण टेंपोचा नॉब तुमच्या उजव्या हाताखाली आहे. तो हात तिथून काढू नका. ती दमली की दोन आकडे खाली, रंगात आली की चार वर. यंत्र वाजत असताना 'रेक' बंद असल्याची खात्री करा आणि डाव्या हाताच्या एका बोटाने खालचा षड्ज हवा तेव्हा धरा. एकावेळी चार सूर वाजतात, तेव्हा लेहऱ्याला धक्का लागणार नाही. भाता नाही, त्यामुळे मनगटाला काम नाही. आणि ज्या दिवशी हात बरा असेल त्या दिवशी सीक्वेन्सर बंद ठेवून सरळ पट्ट्यांवर वाजवा. ३७ पट्ट्या आहेत, तीन सप्तकं आणि वर एक सा. जरा बारीक आहेत, सवय होईल.

एक पदर किंवा जुनी ओढणी यंत्रावर झाकायला ठेवा. नॉबच्या फटीत धूळ गेली की आवाज खरखरतो. तेलाचा हात लावू नये हे तुम्हाला सांगायला नको. नातीला मात्र नॉब फिरवू द्या, तिला कटऑफ फार आवडेल बघा.

परीक्षा झाली की कळवा. पुढच्या आठवड्यात : पावसाळ्यात शिलाईच्या मशीनला गंज चढू नये म्हणून काय करावं, आणि सुटणाऱ्या टाक्यांबद्दल आलेल्या तीन पत्रांना उत्तरं.